कामाच्या वेळेतील विश्रांती : गिरणी ते कार्यालय

कामाच्या वेळेत विश्रांती मिळणे हा कामगारांचा हक्क आहे, ही जाणीव महाराष्ट्रात प्रथम मुंबईच्या गिरणगावात संघटितपणे व्यक्त झाली. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली परळ येथे झालेल्या सभांत साप्ताहिक सुट्टीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणी करण्यात आली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने तिला मान्यता दिली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली.

गिरणी कामगार दिवसभर यंत्रापुढे उभा असे. त्यामुळे बसणे हीच त्याची विश्रांती होती. कार्यालयीन कर्मचाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लंडनच्या बसमधील बैठे काम करणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. टपाल खात्यातही कारकुनांच्या तुलनेत पायी फिरणाऱ्या पोस्टमनांबाबत असाच निष्कर्ष निघाला.

तथापि, विश्रांतीविषयीची प्रशासकीय दृष्टी भोजनापुरतीच मर्यादित राहिली. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये कार्यालयांसाठी दुपारी एक ते दोन या वेळेत अर्ध्या तासाची भोजनाची सुट्टी निश्चित केली. ही शिस्त आवश्यकच आहे. परंतु टेबलापाशी डबा खाऊन पुन्हा फायलीत गुंतणाऱ्या कर्मचाऱ्याचे बैठेपण तिने संपत नाही.

सारांश, श्रमाचे स्वरूप बदलले की विश्रांतीचा अर्थही बदलतो. लोखंडे यांच्या काळात थांबण्याचा हक्क मिळवावा लागला. आजच्या कार्यालयात अधूनमधून उठून चार पावले चालण्यास कामचुकारपणा न मानणे, हा त्याच हक्काचा पुढील टप्पा होय.