ऊन कोणाच्या वाट्याला?

मुडदूस हा रोग आपल्याकडील वडीलधाऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. मुलाची हाडे मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. १६५० साली ग्लिसन ह्या इंग्रज वैद्याने त्यावर ग्रंथ लिहिला. परंतु रोगाला खरा ऊत आला तो कारखान्यांच्या युगात. ग्लासगो, लंडन येथील मजूरवस्त्यांत बोळ अरुंद, वर कोळशाचा धूर. तेथे सूर्य उगवत होता, पण पोरांपर्यंत पोहोचत नव्हता.

श्न्यादेत्स्की ह्या वैद्याने १८२२ सालीच सांगितले होते, की हा रोग शहरातल्या मुलांना होतो, खेड्यातल्यांना क्वचित. तेव्हा मुलांना उन्हात न्या. जपानात राहून आलेल्या डॉक्टर पाम यांनी १८९० साली तेच म्हटले. फारसे कोणी ऐकले नाही.

१९१९ साली दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडात मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताचे तेल गुणकारी ठरवले. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुलांना दिव्याच्या अतिनील किरणांनी बरे केले. एका हातावर प्रकाश टाकला, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. मग खरे काय, अन्न की ऊन? पुढे उलगडा झाला: ह्या किरणांनी कातडीत जे द्रव्य तयार होते, तेच माशाच्या तेलात असते. त्यालाच आपण ड जीवनसत्त्व म्हणतो.

ह्या कथेत आपले नाशिकही आहे. १९२२ साली हचिसन व शहा यांनी तेथील पाहणी प्रसिद्ध केली. पडद्यात राहणाऱ्या खात्यापित्या घरांत मुडदूस आढळला. उन्हात राबणारे गरीब, अन्न निकृष्ट असूनही, त्यातून बहुधा सुटले होते. म्हणजे निव्वळ ताटाकडे पाहून भागत नाही, भिंतीकडेही पाहावे लागते.

आम्ही कामगारांची माणसे ह्यातून एवढेच शिकतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला आणि बंद दालनात बारा तास बसणाऱ्याला ऊन मिळत नाही. काचेतून ऊब येते, हवे ते किरण येत नाहीत. अंडी, मासे, जीवनसत्त्व मिसळलेले दूध आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध, हे उपाय आहेतच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या सरकारने लहान मुलांना माशाचे तेल पुरवले, कारण हा प्रश्न एकेका आईच्या ऐपतीवर सोडण्यासारखा नव्हता.

ऊन फुकट असते हे खरे. पण ते अंगावर घ्यायला वेळ लागतो, आणि कामगाराचा वेळ विकलेला असतो. म्हणून कामाचे तास, मधली सुट्टी आणि वस्तीतले मोकळे मैदान ह्या आमच्या मागण्यांना आम्ही हाडांच्या मागण्या म्हणतो.