क्रिकेटपटूला पद्म, मग मल्लाला काय?

विरारहून चर्चगेटला जाणारी सकाळची लोकल आपल्या भाईंदरला थांबते, तेव्हा डब्यात एखादा तरी पोरगा किटबॅग मांडीवर घेऊन बसलेला दिसतोच. आझाद मैदान नाहीतर शिवाजी पार्क गाठायचं असतं त्याला. लंगोट घेऊन आखाड्याकडे निघालेला मुलगा त्या डब्यात आपल्याला क्वचितच दिसतो. आजचा प्रश्न इथूनच सुरू करू. क्रिकेटपटूंना राष्ट्रीय सन्मान द्यावेत का?

आपल्याकडे यावर दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक म्हणजे ‘देशाचं नाव काढलं, द्यायलाच हवेत.’ दुसरं, ‘पैसा भरपूर मिळतो, वर पदक कशाला?’ दोन्ही उत्तरं जरा घाईची आहेत. आपण इतिहास चाळून बघू.

पद्म पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. १९५६ मध्ये सी. के. नायडूंना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी हॉकीच्या ध्यानचंदांनाही. म्हणजे सुरुवातीला पारडं काही क्रिकेटकडे झुकलेलं नव्हतं. पुढे १९६० साली आपले सांगलीचे विजय हजारे पद्मश्री झाले. १९७२ मध्ये अजित वाडेकरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करत होते. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाकडे पुरेसे पैसे नव्हते, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला. तेव्हा ‘क्रिकेटवाले गडगंज’ हे अलीकडचं चित्र मागच्या काळावर चिकटवायचं नाही. त्या माणसांनी सन्मान कमावलेले होते.

मग दुखणं कुठे आहे? ते कळायला कराडजवळच्या गोळेश्वरला जावं लागेल. खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तिथे खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! परतल्यावर कराडच्या लोकांनी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. लोकांनी सन्मान करायला उशीर लावला नाही, हे लक्षात ठेवू.

सरकारचं काय? १९५२ मध्ये पद्म नव्हतं, अर्जुन नव्हता, हे खरं. पण अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला आणि खाशाबा १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. मध्ये तब्बल २३ वर्षं होती! पोलीस खात्यात नोकरी करणारा हा माणूस कुणाला आठवला नाही. हयातीत ना अर्जुन, ना पद्म. अर्जुन मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. चांगलंच आहे, पण ते बघायला खाशाबा नाहीत.

असंच मुरलीकांत पेटकरांचं. १९६५ च्या युद्धात जखमी झालेला हा सैनिक १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकतो आणि पद्मश्री मिळते २०१८ साली. ४६ वर्षांनी! ते त्या दिवसापर्यंत जगले, एवढंच आपलं नशीब.

आणि कुणी म्हणेल, उपेक्षा काय ती क्रिकेटबाहेरच्यांची झाली, तर तेही खरं नाही. बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखत गोलंदाजी शिकले. अस्पृश्य मानलेल्या समाजातले, म्हणून त्यांच्याच हिंदू संघातले लोक चहा वेगळ्या मातीच्या पेल्यात आणि बाहेर देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना नाकारलं गेलं, ते मिळायला त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलना, १९२३ उजाडावं लागलं. बाळू वारले १९५५ साली. पद्म पुरस्कार तेव्हा सुरू झालेले होते.

आता सचिन. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर शेवटची कसोटी संपली आणि त्याच दिवशी भारतरत्न जाहीर झालं. पूर्वी भारतरत्न कला, साहित्य, विज्ञान आणि लोकसेवेपुरतं होतं. २०११ मध्ये नियम बदलून मानवी कर्तृत्वाचं कोणतंही क्षेत्र त्यात आलं. सचिनला ते मिळालं याबद्दल आमची तक्रार नाही. २४ वर्षं त्या माणसाने काय दिलं, हे आपल्याला सांगायला नको. पण बघा, एकाला निवृत्तीच्या दिवशी, दुसऱ्याला मेल्यावर १६ वर्षांनी. या फरकाचा कर्तृत्वाशी फारसा संबंध नाही. एकाला रोज कोट्यवधी डोळे बघत होते. दुसऱ्याचं नाव पुढे करायला कुणी नव्हतं.

म्हणून आम्ही म्हणतो, क्रिकेटपटूचं पदक काढून घेतल्याने मल्लाला न्याय मिळत नाही. न्याय मिळतो तो वेळेवर आठवण ठेवल्याने. पद्म पुरस्कार साधारणपणे मरणोत्तर देत नाहीत, अपवाद अगदी थोडे. त्यामुळे इथे उशीर म्हणजे बहुतेक वेळा नकारच. आणि पद्मसाठी शिफारस करायला मंत्री असावं लागत नाही. कोणताही नागरिक ऑनलाइन अर्ज भरू शकतो.

तेव्हा घरी गेल्यावर एक करू. आपल्या गावच्या तालमीत, आपल्या शाळेच्या मैदानावर ज्या माणसाने आयुष्य घातलं, त्याचं नाव आठवून बघू. तो आज हयात असेल, तर अर्ज भरायला आपणच बसू. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं, आपल्याला एक संध्याकाळ मोडायची आहे.