परक्या गावी धावण्याची वाट



गेल्या दिवाळीत मी मोशी येथे चिरंजीवांकडे पंधरा दिवस मुक्कामास होतो. चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. नातवंडांस शाळेची सुट्टी होती. मला तर आता बारमाही सुट्टीच. सेवानिवृत्त झाल्यापासून पहाटे तासभर सावकाश धावण्याचा माझा परिपाठ आहे, आणि तो परगावीही मोडावयाचा नाही असा निश्चय आहे. पहिल्या दिवशी मी नकाशा पाहिला व त्यावर जो सर्वांत रुंद आणि सरळ दिसला, तो पुणे-नाशिक रस्ता धरला. छत्तीस वर्षे मुलांना भूगोल शिकविला, तेव्हा नकाशावर माझा विश्वास असावा हे स्वाभाविकच होय. अर्ध्या घटकेत चाकणकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग लागली. त्यांतील एक इतकी अंगावरून गेली की, मी कडेच्या खडीत जाऊन पडलो. कोपर सोलवटले. घरी आल्यावर सूनबाईंस सांगितले, "जिन्यावर पाय घसरला."

हे खोटे बोलणे मला दिवसभर सलत राहिले, आणि त्याच्या जोडीने एक प्रश्नही मनात घोळू लागला. हौसेखातर नव्हे, तर पोटासाठी ज्यांस परमुलखात धावावेच लागे, ते आपली वाट कशी शोधीत असतील?

मराठेशाहीत पत्रे पोचविण्याचे काम जासूद व काशीद करीत. महत्त्वाचा कागद असला म्हणजे जासूदांची जोडी रवाना होई. एकाला वाटेत काही झाले तर दुसऱ्याने मजल गाठावी, हा त्यातील हेतू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपला नाश झाला. ती बातमी नर्मदेच्या बाजूस आलेल्या नानासाहेब पेशव्यांस प्रथम कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, सावकारांच्या एका काशिदाकडून. पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याच्या बोलीने तो निघाला होता, असे ग्रँट डफने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. ह्या ठिकाणी माझ्यातील गणिताचा मास्तर जागा होतो. पानिपत ते औरंगाबाद हे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाने मोजले तरी हजार किलोमीटरांच्या वर भरते. म्हणजे रोजचे शंभराहून अधिक. एकट्या माणसाच्या पायांस हे झेपणारे नाही. वाटेत वाहन तरी मिळत असले पाहिजे, नाहीतर थैली एका हातातून दुसऱ्या हातात जात असली पाहिजे. पण कसेही झाले तरी एक गोष्ट उघड आहे. नदीचा उतार कोठे मिळेल, कोणत्या गावाच्या विहिरीस माघातही पाणी असेल, लष्कर टाळून कोणत्या बाजूने निघावे, हे ज्यास ठाऊक नाही अशाने ही बोली केलीच नसती.

आणि जेथे त्यालाही ठाऊक नसेल तेथे? तेथे गावचा वाटाड्या असे. आपल्याकडे परगावच्या सरकारी माणसास पुढच्या गावापर्यंत वाट दाखविणे, सरकारी कागद पोचविणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे ही कामे महार वतनदारांकडे होती. आम्ही शाळेत 'बलुतेदारी'चा धडा शिकविताना हे एका ओळीत उरकीत असू. पण थोडा विचार करा. रात्री-अपरात्री हाक आली की उठावयाचे, दुसऱ्याच्या घोड्यापुढे अनवाणी पळावयाचे, आणि नकार देण्याची सोय नाही. मुलखातील प्रत्येक पाऊलवाट ज्यांच्या पायांस ठाऊक होती, त्यांना ती सक्तीने ठाऊक झाली होती. आणि ज्या गावाची वाट ते दाखवीत त्याच गावात त्यांची वस्ती वेशीबाहेर असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनाविषयी विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. बखरींत सरदारांची नावे आहेत, घोड्यांचीही आहेत. ह्या धावणाऱ्यांची नाहीत.

इंग्रजी अमदानीत टपालाची थैली घेऊन धावणारा, घुंगरांची काठी वाजवीत जाणारा हरकारा आला. त्याची चित्रे आपण पाहिलेली आहेत, म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही.

हौसेने धावणाऱ्यांची कथा मात्र बरीच अलीकडची. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिली. धावण्याचे शास्त्र त्यांस कोणी शिकविले नव्हते, तरी वेळ पाहता ती युरोपातील धावपटूंच्या फार मागे नव्हती. त्यातून १९२० साली बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस आपली लहानशी तुकडी गेली. बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅराथॉन धावले आणि १९ वे आले. त्यांना सुमारे २ तास ५० मिनिटे लागली. अँटवर्पची ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची होती, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहून अर्ध्या किलोमीटरने अधिकच. सदाशिव दातार हेही त्या शर्यतीत होते. त्यांस ती पुरी करता आली नाही. बेळगावची माती पायाखाली असलेला मनुष्य बेल्जमच्या रस्त्यांवर कसा धावला असेल, ह्याचे मला फार कुतूहल वाटते. शर्यतीत निदान वाट आखलेली असते. आमच्यासारख्या पाहुण्यास तीच पहाटे अंधारात हुडकावी लागते!

आता पुन्हा पिंपरी-चिंचवडकडे वळू. हा मुलूख मुळात पायी चालणाऱ्यांचा. मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावच्या वाऱ्या करीत. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आजही पहिल्या वाटचालीनंतर आकुर्डीस मुक्काम करते. म्हणजे मुक्कामाचे गाव मंडळींच्या पायांनी ठरविले आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८५८ साली खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली, आणि चाकाचा अंमल सुरू झाला. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका आली. मग चाकण. ज्या चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला, तेथे आज मोटारी तयार होतात. कारखान्यांनी लाखो घरांत चूल पेटविली, माझ्या चिरंजीवांचीही. तेव्हा त्यांस नावे ठेवणे मला शोभणार नाही. पण हे रस्ते आखताना पायी जाणारा मनुष्य कोणाच्या हिशेबात होता, असे मात्र दिसत नाही.

पडल्याच्या तिसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. पहाटे मी रस्त्याच्या तोंडाशी घुटमळत उभा होतो. डोक्यावर तुळशीचे वृंदावन घेतलेली एक वृद्ध बाई आळंदीकडे निघाली होती. तिला विचारले, "मावशी, पायी जायला वाट कोणती?"

तिने माझ्या पायांतील बुटांकडे पाहिले आणि म्हणाली, "नदीच्या अंगानं जावा की बाबा. डांबरावर कशापायी मरता?"

गावठाणातून इंद्रायणीकडे उतरणारी पाणंद तिनेच दाखविली. नकाशावर ती नव्हती. मी तिच्या मागून काही अंतर चाललो, मग तिची परवानगी घेऊन पुढे धावलो. वाट काही उत्तम नव्हती; एके ठिकाणी कुंपण घातले होते, एके ठिकाणी राडारोड्याचा ढीग होता, आणि आळंदीच्या बाजूस नदीवर पांढरा फेस तरंगत होता. तरी पायाखाली माती होती, आणि मागून भोंगा वाजत नव्हता. परतताना ती बाई पुन्हा भेटली, तेव्हा तिने विचारले, "पोचलात का?" मी म्हटले, "नाही, अर्ध्यातून फिरलो." ती हसली व पुढे गेली.

त्यानंतरचे सर्व दिवस मी त्याच पाणंदीने गेलो. निघण्याच्या आदल्या दिवशी नातवासही बरोबर नेले. कुंपणापाशी आलो तेव्हा कालपर्यंत जी फट होती तीही तारेने बंद केलेली होती. नातू म्हणाला, "आजोबा, आता?" आम्ही शेजारच्या शेतात पाणी धरणाऱ्या गृहस्थांस विचारले. त्यांनी बांधावरून जाण्यास सांगितले.