सोलापूर जिल्ह्याची साक्षरता (२००१–२०११) : संयुक्त मध्याच्या आधारे एक वाचन

जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे लेखन करताना साक्षरतेचा एकच आकडा उद्धृत करण्याचा प्रघात आहे. सोलापूर जिल्ह्याचा साक्षरता दर २००१ च्या जनगणनेत ७१.२५ टक्के होता. २०११ मध्ये तो ७७.०२ टक्के झाला. हा आकडा ज्या दोन गटांपासून तयार होतो, त्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

साक्षर व्यक्तीस १ व निरक्षर व्यक्तीस ० हे मूल्य दिल्यास साक्षरता दर हा अंकगणितीय मध्यच ठरतो. जिल्ह्याचा दर म्हणजे पुरुष व स्त्रिया या दोन गटांचा संयुक्त मध्य होय. तो काढताना प्रत्येक गटाचा मध्य त्या गटाच्या संख्येने गुणावा लागतो व गुणाकारांच्या बेरजेस एकूण संख्येने भागावे लागते. दोन्ही दरांची बेरीज करून तिला दोनाने भागणे सोपे खरे; पण गट समान असतील तरच ते ग्राह्य ठरते.

२०११ मध्ये पुरुषांचा दर ८५.०३ व स्त्रियांचा ६८.५५ टक्के होता. यांची साधी सरासरी ७६.७९ येते. जनगणनेचा दर त्याहून ०.२३ ने अधिक आहे. हा फरक किरकोळ वाटेल, परंतु त्याचे कारण किरकोळ नाही. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९३८ स्त्रिया होत्या. कमी साक्षर गटाचा भार कमी पडला, म्हणून जिल्ह्याचा दर वर सरकला. दरातील एवढा अंश शाळांनी मिळवलेला नसून तो स्त्रियांच्या उणिवेतून आलेला आहे.

हीच रीत उलटी चालवता येते. ७७.०२ मधून ६८.५५ वजा करून येणाऱ्या ८.४७ ला दोन्ही दरांतील अंतराने, म्हणजे १६.४८ ने, भागल्यास पुरुषांचा वाटा ५१.४ टक्के मिळतो. अर्थात हजार पुरुषांमागे सुमारे ९४६ स्त्रिया. हा आकडा ९३८ शी जुळत नाही आणि तो जुळूही नये. साक्षरता सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येत मोजली जाते. वगळलेल्या ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८८३ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८९५ होत्या. ज्या मुलींची साक्षरतेच्या कोष्टकात गणनाच नाही, त्यांच्या घटत्या प्रमाणाची खूण अशा रीतीने त्याच कोष्टकात सापडते.

२००१ मध्ये पुरुषांचा दर ८१.९९ व स्त्रियांचा ५९.८३ टक्के होता. तेव्हा संयुक्त मध्य साध्या सरासरीहून ०.३४ ने अधिक होता. दशकभरात हा फरक घटला, तो प्रामुख्याने दोन्ही दरांतील अंतर २२.१६ वरून १६.४८ वर आल्यामुळे. स्त्रियांच्या दरात ८.७२ ची, तर पुरुषांच्या दरात ३.०४ ची भर पडली. जिल्ह्याच्या एकत्रित ५.७७ च्या वाढीत हा भेद दिसत नाही.

तालुकावार दरांनाही हेच लागू आहे. अकरा तालुक्यांच्या दरांची बेरीज करून तिला अकराने भागणारा अभ्यासक नकळत शहराला लहान करतो. कारण २०११ मध्ये जिल्ह्याच्या ४३,१७,७५६ लोकसंख्येपैकी ९,५१,५५८ लोक एकट्या सोलापूर शहरात होते. शिवाय १९७१ व त्यापूर्वीच्या आकड्यांशी तुलना करताना वयोमर्यादा तपासणे आवश्यक आहे, कारण सात वर्षांची मर्यादा १९९१ च्या जनगणनेपासून रूढ झाली.