स्वारगेटची पाटी व नटवें अक्षर

स्वारगेट या स्थलनामाची व्युत्पत्ति सांगणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु नाहीं. पाटीवर त्या नांवाचें अक्षर कोणत्या वळणानें येतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे. संशोधक शिलालेखाचा काल अक्षरवटिकेवरून अनुमानितात. मग चव्हाट्यावरील पाटी साधन म्हणून त्याज्य कां मानावी?

रोमन अक्षरांच्या टोकांस जी लहानशी शेपटी असते, तीस सेरिफ म्हणतात. इ. स. ११३ मधील ट्रेजनच्या स्तंभलेखांत ती पूर्ण विकसित दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें जाहिराती वाढतांच मुद्रकांनीं ही शेपटी फुगविली, वळविली व वेलबुट्टीनें सजविली. हें नटवें अक्षर ग्रंथासाठीं नव्हे, तर वाटसरूची नजर खिळविण्यासाठीं जन्मास आलें. देवनागरीचा डौल मात्र बोरूच्या तिरप्या छाटणींत आहे. ही छाटणी रोमन लेखणीच्या उलट बाजूस कललेली असल्यानें जाड-बारीक रेषांचा क्रमही उलट होतो.

हा कल मुद्रणांत कसा उतरला? नाना फडणिसांच्या काळीं पुण्यांत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरविण्याचा उद्योग सुरू झाला. त्याचें फळ म्हणजे १८०५ मध्यें मिरजेस छापलेली गीता. पुढें मुंबईस जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें खिळे पाडण्याचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. तेथें राणूजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या ठशांनीं बोरूचें वळण धातूंत स्थिर केलें.

ग्रंथांत खिळ्यांनीं जें केलें, तें रस्त्यावर कुंचल्यानें केलें. १ जून १९४८ रोजीं पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस्. टी. धांवली, पुढें स्वारगेटसारख्या स्थानकांतून सुटणाऱ्या गाड्यांवर गांवांचीं नांवें रंगाऱ्यांनीं लिहिलीं. चपट्या कुंचल्यानें बोरूचेंच काम केलें. आतां ठिपक्यांचे विद्युत्-फलक आले. त्यांत जाड-बारीक भेद उरत नाहीं. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो पोंचली, तिच्या पाट्याही रंगाऱ्याच्या हातच्या नव्हेत.

तथापि ही परंपरा लुप्त झाली, असें म्हणवत नाहीं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या रंगविलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनीं 'यात्रा' हें संगणकीय वळण सिद्ध केलें. त्यांत रोमन अक्षरेंच देवनागरीच्या कलानें चालतात. एरव्हीं आमची लिपि रोमनच्या मापानें कापली जाते, तेथें हा क्रम उलटला आहे. 'एक टाइप' या संस्थेचें 'मोदक' याहून खेळकर: अक्षरें इतकीं गुबगुबीत कीं आंतील पोकळी केवळ पांढऱ्या रेघेएवढी उरते. मथळा, मुखपृष्ठ किंवा निमंत्रणपत्रिका यांस तें शोभतें. पानभर मजकूर त्यांत जुळविल्यास वाचक थकेल. अशा अक्षराची कसोटी आमच्या मतें एकच: 'स्वा' या जोडाक्षरांतील अर्धा स धांवत्या प्रवाशास क्षणांत ओळखूं यावा. त्यापुढें कितीही नटावें.

ज्या पाट्यांवरून अशीं वळणें घडतात, त्या मात्र भंगारांत जात आहेत. ताम्रपटाचा ठसा घ्यावा, तसें स्थल, काल व शक्य तेथें रंगाऱ्याचें नांव नोंदवून त्यांचीं छायाचित्रें संग्रहीं ठेवणें, हें इतिहासाच्या अभ्यासकांनीं आतां अंगीकारावें, अशी आमची विनंती आहे.