तारेवरचा तिसरा वर्ग

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. टेलिफोनच्या तारेलाही इतिहास आहे. त्या तारेने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे पाहणे आम्हां संघटनेचे काम करणाऱ्यांस अगत्याचे वाटते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. त्यापूर्वी ते १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पातून शिक्षण व संशोधन संस्थांपुरतेच होते. खुले झाले खरे, पण कोणास? आपल्या देशात शंभर माणसांमागे ०.८ टेलिफोन आहेत आणि जगाची सरासरी १० आहे, असे १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानेच नमूद केले होते. ज्याच्या घरी तारच नाही, त्याला दार कुठले? शिवाय आरंभी ही सोय मोजक्या मोठ्या शहरांत होती. इतर गावच्या माणसाने बाहेरगावचा दर मोजून फोन लावावा, असा मामला होता.

ज्यांना तार होती त्यांच्यातही रेल्वेसारखे वर्ग पडले. चित्रे दाखवणारी जोडणी महाग होती. विद्यार्थ्यांसाठी सुमारे ५०० रुपयांत 'शेल' खाते मिळे. त्यात केवळ अक्षरे दिसत. वास्तविक तार तीच, मोडेमही तोच.

या तिसऱ्या वर्गाचा प्रवास कसा होई, हे नीट समजून घेतले पाहिजे. शेल खात्यात आपला संगणक स्वतः इंटरनेटवर जात नसे. तो निगमच्या मोठ्या संगणकाचा केवळ पडदा आणि कळफलक बने. हे सोंग वठवणाऱ्या प्रोग्रामला टर्मिनल म्हणत. डिजिटल कंपनीने १९७८ साली काढलेल्या 'व्हीटी १००' या यंत्राची तो हुबेहूब नक्कल करी. मोडेम कोणत्या पोर्टला आहे, वेग किती, आठ बिटे, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, हे सारे हाताने भरावे लागे. एक आकडा चुकला की पडद्यावर भलतीच चिन्हे उमटत.

मग मोडेमला हुकूम द्यायचा. हे हुकूम डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ साली रूढ केले. एक्स्चेंज नवे असेल तर 'एटीडीटी', जुने असेल तर 'एटीडीपी', कारण जुन्या एक्स्चेंजला सूर कळत नसत, तबकडीची टकटकच कळे. मोडेम किंचाळे, पलीकडचा उत्तर देई आणि नाव व परवलीचा शब्द विचारला जाई. तेवढ्यात घरात कोणी दुसरा रिसीव्हर उचलला की सगळे मुसळ केरात!

आता हिशेब पाहा. सेकंदाला ९,६०० बिटे, एका अक्षराला दहा, म्हणजे ९६० अक्षरे. ऐंशी स्तंभ व चोवीस ओळींचा पडदा दोन सेकंदांत भरे. एक लाख बाइटांच्या चित्राला मात्र पावणेदोन मिनिटे लागत. म्हणजे मजकुरापुरता गरिबाचा डबा रखडत नव्हता. तो पहिल्या वर्गाच्याच गाडीला जोडलेला होता. 'पाइन'मधून धाडलेले पत्र आणि 'लिंक्स'मध्ये वाचलेला लेख यांना वर्ग नव्हता. म्हणून ही स्वस्त खिडकी लहान असली तरी मोलाची होती, असे आमचे मत आहे.

तिच्यात एक उणीव होती. त्या टर्मिनलला देवनागरी ठाऊक नव्हती. मराठी माणसाला आपल्या आईलाही रोमन अक्षरांत पत्र लिहावे लागे. पैशाची अडचण दर उतरवून दूर होते. लिपीची अडचण दूर व्हायला कोणीतरी आपल्या भाषेसाठी काम करावे लागते.

१९९८ साली खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि निगमची मक्तेदारी संपली. २००२ साली निगमचा कारभार टाटांकडे गेला. आज टर्मिनल कोणी मांडीत नाही. तथापि २०२० साली शाळा बंद होऊन धडे फोनवर आले, तेव्हा घरात फोन नसलेली मुले वर्गाबाहेर राहिली. दर ठरवताना आणि सोय उभारताना या मुलांचा विचार आधी व्हावा, ही मागणी आम्ही १९९५ च्या अनुभवावरून करीत आहोत.