टीव्हीवरचा खेळ, पण फोन कुणाचा?

आज रायगड किल्ला नाही, चवदार तळं नाही. आज गेमचा इतिहास. आवडता कार्यक्रम टीव्हीवर बघायचा आणि मग तोच आपण खेळायचा, हे आपल्या महाड-पोलादपूरला कधी जमायला लागलं?

ब्रिटनमध्ये १९९८ ला ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ सुरू झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याचा कॉम्प्युटर गेम आला. आपल्याकडे त्याच कार्यक्रमाचं ‘कौन बनेगा करोडपती’ झालं, ३ जुलै २००० ला, स्टार प्लसवर. १५ प्रश्न, प्रत्येकी ४ पर्याय, १ कोटी. पण तेव्हा आपल्याकडे घरात कॉम्प्युटर होता किती जणांच्या? आपल्यासाठी खेळ म्हणजे फोन लावणं. भाग घ्यायचा तर फोनवरून प्रश्नाचं उत्तर द्यायचं. घरी लँडलाइन नसेल तर एसटीडी बूथ, आणि समोर मीटर पळतोय! त्याच ऑक्टोबरमध्ये यूपीएससीचा अभ्यास करणारा मुंबईचा हर्षवर्धन नवाथे १ कोटी जिंकला. मराठी मुलगा. मग काय, सगळ्यांनाच वाटायला लागलं, आपलाही लागेल फोन.

मधल्या काळात पोरांचा ‘छोटा भीम’ आला. २००८ ला पोगोवर. त्याचे मोबाइल गेम मुंबईच्या नझारा कंपनीने काढले. खरं सांगू? गेम म्हणून यथातथाच. मालिकेत ढोलकपूरची सगळी गँग, चुटकी, राजू, कालियाची मस्ती. गेममध्ये नुसतं पळा नाहीतर गाडी पळवा. तरी पोरं खेळायची, कारण भीम आपल्या बोटाने उडी मारत होता ना!

खरी गंमत २०१६ नंतर. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१७ ला केबीसीचं ‘प्ले अलाँग’ सुरू झालं, आधी जिओवर, पुढे सोनी लिव्ह अ‍ॅपवर. टीव्हीवर बच्चनसाहेब प्रश्न विचारतायत आणि त्याच क्षणी तोच प्रश्न तुमच्या स्क्रीनवर. माझ्या मते टीव्हीवरून निघालेला आपल्याकडचा सगळ्यात चांगला गेम हाच. तोच प्रश्न, तेवढाच वेळ, तीच धडधड. फक्त रेंज पाहिजे. आंबेनळी घाटाकडच्या वाड्यांमध्ये रेंजसाठी फोन खिडकीत धरायचा, टीव्ही आतल्या खोलीत. आता खेळा!

आणि यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. पॉइंट जमा होतात ते फोनवाल्याच्या खात्यावर. भाकरी थापता थापता आई बरोबर उत्तर सांगते, बटण दाबतो मुलगा. पॉइंट त्याचे.

२०१९ ला अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे केबीसीत १ कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला १,५०० रुपयांवर. जिंकून काय घेणार, असं विचारल्यावर म्हणाल्या, मोबाइल. घरात सगळ्यांत मिळून एकच होता.

पुढच्या वर्षी कोरोना आला आणि केबीसीची ऑडिशनसुद्धा अ‍ॅपवरूनच झाली.